वेगवान गाडीला स्वस्त टायर : नाव नंतर, तारीख आधी

पुण्याहून चांदणी चौक सोडून भूगाव, भूकूम मागे टाकले आणि मधला लहानसा घाट ओलांडला की पिरंगुट लागते. कारखाने, गोदामे, त्यांचे टेम्पो आणि ट्रक यांनी हा रस्ता आठवडाभर गजबजलेला असतो. शनिवार-रविवारी मात्र त्याचा नूर पालटतो. येथून एक फाटा मुठा खोऱ्यातून टेमघर आणि लवासाकडे जातो. सरळ रस्ता पौडवरून, मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणी घाटात शिरतो आणि पुढे माणगावला कोकणात उतरतो. पावसाळ्यात तर पुण्यातील हौशी तरुण आपल्या वेगवान गाड्या घेऊन याच रस्त्याने निघतात. घाटाआधी हवा तपासायला, पंक्चर काढायला किंवा टायरचा भाव विचारायला ते रस्त्याकडेच्या दुकानात थांबतात.

टायर, पंक्चर, अलाइनमेंट, डेंटिंग-पेंटिंग या धंद्यांत आपले किती बांधव आहेत हे वाचकांना आम्ही सांगायला नको. म्हणूनच आज या पानावर एक असा प्रश्न घेतला आहे जो वरवर श्रीमंतांचा वाटतो, पण ज्याचे उत्तर आपल्या कारागिरालाच द्यावे लागते. स्पोर्ट्स गाडीला परवडणारे टायर कोणते घालावेत?

स्पोर्ट्स गाडी म्हटली की डोळ्यांसमोर लाल रंगाची परदेशी गाडी येते. तशी गाडी पिरंगुटच्या दुकानात क्वचितच येईल, आणि आली तरी तिचा मालक टायरच्या भावासाठी घासाघीस करणार नाही. आपल्याकडे येणारी गाडी निराळी. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही २०१३ मध्ये बाजारात आली आणि पोलोचे उत्पादनच २०२२ मध्ये थांबले. रांजणगावची अबार्थ पुंटो २०१५ ची. त्याही आधी मराठवाड्यात शेंद्र्याला जुळणी झालेली स्कोडा ऑक्टाव्हियाची आरएस होती. गोव्यात तर सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी उघडी गाडीही बनत असे. या सगळ्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आहेत. गाडी घेताना त्याने जमवलेली रक्कम संपलेली असते, इंजिनाची ताकद मात्र कमी झालेली नसते. चार टायरचा भाव ऐकला की त्याचा चेहरा पडतो, आणि मग तो विचारतो, “उस्ताद, काही स्वस्तात जमवा की!”

या ‘जमवा की’मध्येच सगळा धोका आहे, आणि धंद्याची परीक्षाही.

जमवण्याचे प्रकार आपल्याला ठाऊक आहेत. नाना पेठेतून किंवा कुर्ल्याच्या बाजारातून मोठ्या परदेशी कंपनीचे जुने टायर आणायचे. ते धुऊन, काळे पॉलिश मारून चमकवायचे. नक्षी दिसते, नाव मोठे असते, भाव निम्मा असतो. गिऱ्हाईक खूश, दुकानदारही खूश. आमचे म्हणणे असे आहे की वेगवान गाडीसाठी हा सौदा सर्वांत महाग आहे. त्यापेक्षा साध्या देशी कंपनीचा, योग्य मापाचा, ताज्या तारखेचा नवा टायर शंभर पटीने बरा.

कारण रबर ही जिवंत वस्तूसारखी आहे. ती वापराने झिजते तशी नुसती पडून राहिल्यानेही वाळते. ऊन, उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांनी तिच्यातील लवचिकपणा जातो. नक्षी शाबूत असलेला जुना टायर हाताला कडक लागतो, बाजूला बारीक भेगा दिसतात, आणि ओल्या डांबरावर तो रस्ता धरत नाही. हे वय ओळखायला कोणाचा शब्द घ्यावा लागत नाही. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असे असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बनला. ही पद्धत २००० सालापासूनची. आकडे तीनच असतील तर टायर त्याआधीचा, तो थेट भंगारात टाकावा. हे आकडे पुष्कळदा एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत गेलेली असेल तर वाकून, बॅटरी मारून पाहावे लागते. तेवढे वाकायचा कंटाळा करू नये.

किती वर्षे चालतो? टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असा की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षे झाली की नक्षी कितीही असली तरी काढून टाकावा. ताम्हिणीच्या पावसात जोरात पळणाऱ्या गाडीसाठी आम्ही याहून कडक राहू. सहा वर्षांपुढचा टायर अशा गाडीला घालू नये, आणि नवा म्हणून विकत घेताना तारीख एका वर्षाच्या आतली असावी.

हे केवळ गरिबाच्या गाडीचे दुखणे नाही. हॉलिवूडचा नट पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील सांता क्लॅरिटा येथे अपघातात गेला. तो मित्राच्या शेजारी बसला होता आणि गाडी होती पोर्शे करेरा जीटी, म्हणजे कोट्यवधींचे वाहन. पुढच्या मार्चमध्ये तपास यंत्रणेने निष्कर्ष सांगितला. ताशी ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ती गाडी १३० ते १५० च्या दरम्यान धावत होती, आणि तिचे टायर नऊ वर्षांचे जुने होते. मुख्य दोष वेगाचाच ठरला. पण टायरच्या वयाने गाडी हाताबाहेर जायला मदत केली, अशी नोंद त्या यंत्रणेने केली. मोठे नाव आणि मोठी किंमत रबराला म्हातारपणापासून वाचवत नाही.

आता मापाकडे येऊ. पोलो जीटीच्या टायरवर १८५/६० आर १५ असे लिहिलेले असते. १८५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ६० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या साठ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १५ ही रिमची इंच माप. यानंतर ८४ एच असे काही असते आणि त्याकडे मात्र बहुतेकांचे लक्ष जात नाही. ८४ म्हणजे एका टायरने ५०० किलो वजन पेलावे. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग सोसण्याची त्याची परीक्षा झालेली आहे. टी अक्षर १९० चे, व्ही २४० चे, डब्ल्यू २७० चे.

गिऱ्हाईक म्हणेल, “मी कुठे दोनशेने चालवतो? टी द्या, स्वस्त पडेल.” बोलणे चुकीचे वाटत नाही. पण हे अक्षर केवळ वेगाचे नाही, ते उष्णतेचे आहे. घाटात वळणावर वळण घेताना, उतारावर वारंवार ब्रेक मारताना टायर तापतो. तेव्हा त्याची बांधणी किती भक्कम आहे हे त्याच अक्षरात दडलेले असते. कंपनीने गाडीसाठी जे अक्षर आणि जो वजनाचा आकडा ठरवला आहे, त्याच्या खाली जाऊ नये. वर गेल्यास हरकत नाही. मूळ माप चालकाच्या दारालगतच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतील पट्टीवर छापलेले असते. मागच्या मालकाने काय बसवले होते यावर विसंबू नये.

मागच्या मालकाचा विषय निघाला म्हणून सांगतो, या गाड्यांना रुंद टायर घालण्याचे वेड मोठे आहे. १८५ च्या जागी २०५ घातला की गाडी रुबाबदार दिसते हे खरे. हिशेब मात्र करून पाहावा. १८५/६० आर १५ या चाकाचा पूर्ण व्यास ६०३ मिमी होतो. १९५/५५ आर १५ चा सुमारे ५९६, म्हणजे एक टक्क्याचा फरक, तो चालून जाईल. २०५/५० आर १५ घातला तर व्यास ५८६ वर येतो, जवळजवळ तीन टक्के कमी. गाडी तेवढी खाली बसते, काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो, बाजू बुटकी झाल्याने खड्ड्यात रिम वाकते. शिवाय रुंद टायर कोरड्या रस्त्यावर घट्ट बसतो, पण साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरपेक्षा आधी तरंगू लागतो. ज्या रस्त्यावर पावसाळ्यात डोंगरातून ओहळ थेट डांबरावर येतात, तेथे हे लक्षात ठेवलेले बरे. आणि रुंद माप म्हणजे जास्त किंमत. परवडणारे टायर शोधणाऱ्याने पहिली बचत येथेच करावी आणि मूळ मापावर परत यावे.

कंपनी कोणती? आमच्या मते या प्रश्नाला आपण फार मान देतो. सीएट, एमआरएफ, अपोलो, जेके या देशी कंपन्यांचे टायर आज या मापांत मिळतात. देशी-परदेशी हा भेदही आता नावापुरता राहिला आहे. सीएटचे मूळ १९२४ साली इटलीतील तुरीन शहरात आहे. अपोलोने २००९ मध्ये नेदरलँडची जुनी व्रेडेस्टाइन कंपनी विकत घेतली. जपानच्या ब्रिजस्टोनचा कारखाना आपल्या चाकणला आहे. प्रत्येक कंपनीच्या यादीत जास्त टिकणारा टायर वेगळा आणि रस्ता घट्ट धरणारा वेगळा असतो. ‘साठ हजार किलोमीटर चालेल’ अशी बढाई ज्याची आहे, त्याचे रबर बहुधा कडक असते. ते टॅक्सीला शोभते. ताकदवान इंजिनाच्या गाडीला थोडे लवकर झिजणारे, पण ओल्यात धरणारे रबर हवे. टायरच्या बाजूवर ‘ट्रेडवेअर’ असा आकडा असेल तर तो पाहावा. २०० ते ३०० च्या आसपासचा टायर मऊ आणि पकडीचा, ४०० च्या वरचा टिकाऊ. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवत असते, म्हणून तो एकाच कंपनीचे दोन टायर ताडून पाहायला उपयोगी. दोन कंपन्यांत त्याची शर्यत लावू नये. त्याच्याच शेजारी ‘ट्रॅक्शन’ पुढे एए, ए, बी, सी यांपैकी अक्षर असते, ते ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारल्यावर टायर किती धरतो याचे. या गाडीसाठी ए च्या खाली उतरू नये.

नव्या टायरवर आयएसआय चिन्ह आहे की नाही तेही पाहावे. केंद्राच्या २००९ च्या आदेशाने ते सक्तीचे झाले. जून २०२० मध्ये नव्या टायरांच्या आयातीवरही परवान्याचे बंधन आले आणि परदेशी खास टायर मिळणे अवघड होऊन त्यांचे भाव चढले. याउलट एक दिलासा २२ सप्टेंबर २०२५ पासून मिळाला. टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. मूळ किंमत पाच हजार धरली तर जो टायर ६,४०० ला पडत होता तो ५,९०० ला पडू लागला. चार टायरमागे दोन हजार रुपये वाचले. जुन्या भावाच्या आठवणीने घाबरलेल्या गिऱ्हाइकाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. नव्या टायरची आणि चमकवलेल्या जुन्या टायरची दरी त्याला वाटते तेवढी मोठी नाही.

तरीही चारांचे पैसे नाहीतच, असे म्हणणारा येईल. त्याला दोन घेऊ द्यावेत. मात्र दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि एकाच धुरीवर. येथे एक जुना गैरसमज आहे. पोलोसारख्या गाडीचे इंजिन पुढची चाके ओढते, म्हणून नवे टायर पुढे घालावेत असे बहुतेक जण समजतात आणि आपले उस्तादही तसेच बसवून देतात. टायर कंपन्या नेमके उलटे सांगतात. नवे मागे घाला. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाऊ पाहते, चालकाला ते स्टिअरिंगवर कळते आणि पाय सैल केला की बहुधा सावरता येते. मागचे घसरले तर ओल्या वळणावर गाडी जागच्या जागी फिरते आणि सराईत चालकालाही सावरायला वेळ मिळत नाही. गिऱ्हाईक हट्ट धरील, तेव्हा त्याला हे समजावून सांगावे.

सगळे जुने टायर वाईट, असे आम्ही म्हणत नाही. वापरलेल्या मालाचा धंदा हलाल रोजीचा धंदा आहे आणि त्यावर अनेक घरे चालतात. काही लोक नवी गाडी घेतल्याबरोबर हौसेने रुंद टायर आणि अलॉय घालतात. त्यांनी काढून ठेवलेला मूळ संच हा बाजारातील सर्वांत चांगला सौदा. तारीख ताजी, नक्षी सात-आठ मिमी, चारही एकसारखे. असा संच मिळाला तर तो आतून हात फिरवून पाहावा. ठिगळ आहे का, रिमवर बसणारी कड कापलेली आहे का, बाजूला फुगा आहे का. निर्दोष निघाला तर निःशंकपणे घालावा आणि रास्त नफाही घ्यावा. गोटा झालेल्या टायरला गरम हत्याराने नव्या खाचा कोरून विकणे ही मात्र उघड फसवणूक आहे. नियमाने चारचाकीच्या नक्षीची खोली १.६ मिमीपेक्षा कमी चालत नाही. खाचांच्या तळाशी असलेले उंचवटे टेकू लागले की ती मर्यादा आली. कोरीव खाचेत ते उंचवटेच नाहीसे होतात, आणि आतील तारांवर रबराचा पापुद्रा तेवढा उरतो. ट्रकच्या टायरवर नवे रबर चढवण्याचे काम निराळे, ते रीतसर कारखान्यात होते आणि मालवाहतूक त्यावर चालते. वेगवान मोटारीला ना कोरलेला टायर चालतो, ना रबर चढवलेला.

मालातला ऐब सांगून विकावा, हे आपल्या घरात लहानपणापासून सांगितले जाते. टायरच्या धंद्यात त्याचा अर्थ अगदी साधा आहे. बिलावर टायरचे माप, वजनाचा आकडा, वेगाचे अक्षर आणि चार आकडी तारीख लिहावी. माल जुना असेल तर ‘जुना’ असे लिहून नक्षी किती मिमी आहे तेही नोंदवावे. खोली मोजायचे छोटे माप थोड्या पैशांत मिळते, ते गिऱ्हाइकासमोर लावून दाखवावे. पहिल्या महिन्यात दोन-चार गिऱ्हाइके तारीख ऐकून उठून जातील. पण या गाड्यांचे हौशी मालक एकमेकांना ओळखून असतात. तारीख न विचारता सांगणारे दुकान कोणते हे त्यांच्यात लवकर पसरते.

कारागिरीचीही बाजू आहे. बुटक्या बाजूचा टायर लोखंडी पहारीने चढवला तर कड कापली जाते आणि अलॉयवर ओरखडे येतात. त्याला यंत्र हवे आणि यंत्रावर बसलेला सावध हात हवा. हवेच्या बंदुकीने नट आवळून मोकळे होऊ नये, शेवटचा आवळा मापाच्या पान्याने द्यावा. बाहेरून धागा खुपसून काढलेले पंक्चर घरापर्यंत पोहोचण्यापुरते. टायर उतरवून आतून ठिगळ लावल्याशिवाय अशी गाडी घाटात पाठवू नये, आणि बाजूला गेलेल्या खिळ्याचे पंक्चर काढूच नये. हवा टायर थंड असताना भरावी. पुण्याहून जोरात आलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात, तेव्हा माप जास्त दाखवते. त्यावरून हवा कमी केली तर ताम्हिणीत टायर थंड झाल्यावर ती कमी पडते.

आणखी एक गोष्ट पिरंगुटच्या दुकानदारांनी ध्यानात घ्यावी. २०२० मध्ये केंद्राने नियम बदलून, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर भरण्याचे साहित्य असलेल्या मोटारींना स्टेपनीशिवाय धावण्याची मुभा दिली. बऱ्याच वेगवान गाड्यांत आज स्टेपनीच्या जागी एक डबा आणि छोटा पंप असतो. बाजू फाटलेल्या टायरपुढे तो डबा काही कामाचा नाही. मुळशीच्या पुढे अशी गाडी अडकली की तिला परत याच दिशेने ओढत आणावे लागते. त्यामुळे चालू मापांतील, १८५/६० आर १५ आणि १९५/५५ आर १६, दोन-दोन ताजे टायर दुकानात ठेवावेत. पण चारच. जास्त भरले तर तेच विकल्याविना जुने होतील आणि त्यांची तारीख बिलावर लिहायची वेळ आपल्यावरच येईल.